गाव नाही, नाव नाही

गेल्या महिन्यात चार दिवसांची रजा टाकून दौंडला उतरलो. घरी पिशवी ठेवली आणि शिरूरची एसटी धरली. मी मुंबईत गोदीत ठेक्यावर माल चढवतो-उतरवतो. आमच्यात रजा म्हणजे कापलेला रोज. एवढा रोज बुडवून गेलो कुठं, तर शिरूर तालुक्यातल्या एका वाचनालयात. कुठल्या ते सांगत नाही. माझं भांडण तिथल्या बाईंशी नाही.

माझा आजा दौंडला रेल्वेत गँगमन होता. दिवसा रुळाखाली खडी ठोकायचा, रात्री जलशात गायचा. गाणी स्वतः जुळवायचा. त्यातली अकरा गाणी छापून सोळा पानांची एक चोपडी निघाली होती आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी ती विकली गेली होती. घरातली प्रत गळक्या पत्र्याखाली कुजून गेली. चुलता मरायच्या आधी म्हणाला, एक प्रत शिरूरकडच्या वाचनालयात दिलेली आहे, जमलं तर बघ.

बाईंनी कॉम्प्युटरवर शोधलं. आजाच्या नावावर काही निघालं नाही. मग त्यांनी कपाटाच्या तळाचा गठ्ठा काढला. गठ्ठ्यावर लिहिलेलं होतं : किरकोळ. साखर कारखान्याचा अहवाल, भजनाची वही, कुणाच्या तरी सत्काराची पुस्तिका आणि त्यात माझ्या आजाची चोपडी. दाखल नोंदवहीत तिची ओळ अशी : लेखक – नाही. प्रकाशक – नाही. ठिकाण – नाही. साल – नाही. पाने – १६. शेरा – फाटके.

मी भडकलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, राग मानू नका. पुस्तकावर जे छापलेलं असतं तेच आम्ही लिहायचं असतं. यावर काहीच छापलेलं नाही. आम्ही शिकलो तेव्हा तर अशा वेळी लॅटिनमध्ये लिहायचो, एस. एल., एस. एन. म्हणजे ठिकाण नाही, नाव नाही."

गाव नाही, नाव नाही. दोस्तहो, हे आपल्या कानाला नवीन नाही. पण जगातल्या ग्रंथपालांनी त्यासाठी लॅटिनमध्ये संक्षेप करून ठेवलाय, हे मला नवीन होतं. म्हणून मी या कॅटलॉगच्या मागे लागलो. मी मॅट्रिक. ग्रंथालयशास्त्र मला कुणी शिकवलेलं नाही. बाईंनी दोन पुस्तकं दिली, बाकी मित्रांनी मिळवून दिली. रात्रपाळीनंतर वाचली. जे कळलं ते इथं मांडतो. कारण यात आपला सौदा आहे, आणि आपल्याला त्याची खबर नाही.

पहिली गोष्ट. हे नियम कुणा ऋषीने सांगितलेले नाहीत. भांडणातून झालेत. आज जगभर ज्या नियमांची वंशावळ सांगतात तिच्या मुळाशी अँटोनियो पानिझ्झी नावाचा माणूस आहे. हा इटलीतला. तिथल्या राजवटीविरुद्ध गुप्त संघटनेत होता. १८२२ साली पळाला, आणि पाठीमागे त्याला फाशीची शिक्षा झाली. परागंदा होऊन इंग्लंडला आला आणि ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात लागला. १८४१ साली तिथले ९१ नियम छापले गेले. त्याच्या आधी १८३६ साली पार्लमेंटच्या समितीपुढे त्याने सांगितलं होतं की गरीब विद्यार्थ्याला पुस्तक मिळवण्याची जी सोय असेल ती राज्यातल्या सगळ्यात श्रीमंत माणसापेक्षा कमी असता कामा नये. या नियमांवर मोठमोठ्यांनी तोंडसुख घेतलं. थॉमस कार्लाईलसारखा बडा लेखक चौकशीत त्याच्याविरुद्ध बोलला. एवढे नियम कशाला, साधी यादी करा की, असं त्यांचं म्हणणं. बड्यांना यादी पुरते. त्यांना पुस्तकाचं नाव आधीच ठाऊक असतं. आपल्यासारख्याला नाव अर्धवट ठाऊक असतं, लेखक चुकीचा ठाऊक असतो, गाणं तोंडपाठ असतं आणि ते कुणाचं ते माहीत नसतं. नियम लागतात ते आपल्यासाठी.

त्यानंतर १८७६ साल. अमेरिकेत चार्ल्स कटरने आपले नियम काढले, आणि मेलविल ड्यूईने दशांश वर्गीकरण. कटरचं म्हणणं सरळ होतं. वाचकाला लेखक माहीत असो, पुस्तकाचं नाव माहीत असो किंवा नुसता विषय माहीत असो, तिन्ही वाटांनी त्याला पुस्तक सापडलं पाहिजे. एका लेखकाचं आपल्याकडे काय काय आहे तेही एका जागी दिसलं पाहिजे. पुढे १९०८ साली इंग्लंड-अमेरिकेने मिळून नियम केले. आपल्याकडे मद्रासच्या रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच सिद्धांत मांडले, १९३३ साली स्वतःचं वर्गीकरण, १९३४ साली कॅटलॉगची संहिता. १९६१ साली पॅरिसला सगळ्या देशांची परिषद झाली आणि मूळ तत्त्वं ठरली. १९६७ आणि १९७८ साली इंग्रजी जगाची नवी संहिता, २०१० साली आर. डी. ए. नावाची आणखी नवी. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं कार्ड जाऊन कॉम्प्युटर आला. म्हणजे हे नियम बदलतात. बदलायला लावले की बदलतात. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. कंटेनरवर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा आधीचे बरोबर आहेत की नाही ते तपासायचा. नंबरावरून कंटेनर कुणाचा ते कळतं, आत काय आहे ते कळत नाही. कागदावर लिहिलेलं असतं : आत अमुक माल असल्याचं सांगितलं जातं. जहाजवाला जबाबदारी घेत नाही. पाठवणाऱ्याने सांगितलं, आम्ही लिहिलं. कॅटलॉगचं कार्डही असंच. शीर्षकपानावर जे सांगितलंय ते कार्डावर आलं. ज्याने ते पान छापलं त्याच्या हातात सगळं. आणि ज्याला शीर्षकपान छापायची ऐपत नव्हती, किंवा हिंमत नव्हती, त्याचा माल बिनमार्क्याचा. गोदीत पोतं फुटलं तर सांडलेलं झाडून वेगळं भरतात. ते कुणाचं, कुठून आलं, कागदावर काही राहत नाही. धान्य तेच असतं. किरकोळ गठ्ठ्यातली आजाची चोपडी मला तशी वाटली.

नावाचं घ्या. १९०८च्या नियमांत लेखकाचं खरं नाव ठाऊक असेल तर नोंद खऱ्या नावाखाली करायची होती. टोपणनावावरून नुसता हवाला. त्या हिशेबाने अण्णा भाऊ साठे शोधायचे तर तुकाराम भाऊराव साठे शोधा. शाहीर अमर शेख पाहिजेत तर मेहबूब हुसेन पटेल शोधा. 'बलुतं' १९७८ साली आलं ते दया पवारांच्या नावावर. आईबापाने, गावाने, शाळेने ठेवलेलं नाव दगडू मारुती पवार. आता विचार करा. गाव आपल्या पोरांना दगडू, धोंडू, कचरू म्हणत आलं. माणूस स्वतःचं नाव स्वतः घडवतो, तेच आयुष्यभर वागवतो, आणि नियम म्हणतो : ते खोटं, दाखल्यावरचं खरं. हा नुसता ग्रंथालयाचा प्रश्न आहे का?

पण १९६१च्या पॅरिसनंतर तो नियम उलटा झाला. १९६७ आणि १९७८च्या संहितांनी सांगितलं, माणूस ज्या नावाने ओळखला जातो ते नाव धरा. दाखला काय म्हणतो ते दुय्यम. म्हणून आज अण्णा भाऊ हे अण्णा भाऊ म्हणूनच सापडतात. हा फरक मला फार मोठा वाटतो.

तरी भानगड संपत नाही. १९७८च्या संहितेत हिंदुस्तानी नावांसाठी वेगळं कलम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या माणसाची नोंद आडनावाखाली, त्याआधीच्या माणसाची पहिल्या नावाखाली. म्हणून चोखामेळा 'च'मध्ये आणि ढसाळ 'ढ'मध्ये. ठीक. पण आपल्याकडे आडनाव म्हणजे काय? किती घरांत बापाचं एक, चुलत्याचं दुसरं. कुणी गावावरून लावलं, कुणी मास्तराने दिलं, कुणी जात झाकायला बदललं. बाया लग्नानंतर बदलल्या. आडनाव विचारायचं ते जात हुंगायला, हे आपण लहानपणापासून जाणतो. कॅटलॉग आडनाव विचारतो तो क्रम लावायला. हेतू वेगळा, पण प्रश्न तोच, आणि आपल्या माणसाला त्याचा घाम फुटतो तो उगाच नाही. अमेरिकेतल्या कॅटलॉगात तर रोमन लिपीत लिहिताना ढसाळांच्या 'ळ'पुढे आणि नामदेवच्या 'व'पुढे एकेक जादा 'ए' अक्षर लागतं. कारण आपण 'अ' लिहीत नाही तरी तो अक्षरात धरलेला असतो, असा त्यांचा नियम. कामाठीपुऱ्यात त्या नावाने हाक मारली असती तर कुणी मागे वळून पाहिलं नसतं.

आता गावाचं. मी दौंडचा. इंग्रजांच्या जुन्या कागदांत, रेल्वेत, गॅझेटियरात ते डी-एच-ओ-एन-डी. आजच्या पाटीवर डी-ए-यू-एन-डी. कॉम्प्युटरला ही दोन गावं. शिरूरचंही तसंच. जुन्या कागदांत सिरूर, लोकांच्या तोंडी घोडनदी. वर पुन्हा बीड जिल्ह्यात एक शिरूर कासार, लातूर जिल्ह्यात एक शिरूर अनंतपाळ. नुसतं शिरूर लिहून भागत नाही, कुठलं ते सांगावं लागतं. कोरेगावची गोष्ट तर आणखी मोठी. १ जानेवारी १८१८ची लढाई कोरेगावच्या नावाने ओळखतात आणि कोरेगाव शिरूर तालुक्यात. स्तंभ उभा आहे तो नदीच्या अलीकडे पेरण्याला, हवेली तालुक्यात. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ला तिथं आले. आता कोरेगाव भीमा, भीमा कोरेगाव, इंग्रजी कागदांतली कोरेगावची दोन-तीन स्पेलिंगं, हे सगळं एकाच जागेबद्दल आहे हे यंत्राला आपोआप कळत नाही. कुणीतरी बसून 'हे नाव असेल तर तिकडे पाहा' अशी ओळ लिहावी लागते. ती ओळ लिहिणारा माणूस ठेवला नाही तर अर्धी पुस्तकं कपाटात असून नसल्यासारखी.

आणि ही ओळ किती महाग असते ते सांगतो. नियम असा की संस्थेचं नाव बदललं तर नवीन नाव हे नवीन नोंदीचं. बदलाआधीची पुस्तकं जुन्या नावाखाली, नंतरची नव्या नावाखाली, मध्ये 'हेही पाहा'. म्हणजे मराठवाडा विद्यापीठ, हेही पाहा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. एका ओळीत विषय संपला. पण २७ जुलै १९७८ला विधिमंडळात ठराव झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. त्या दोन तारखांच्या मध्ये मराठवाड्यात आपली घरं जळाली, माणसं मारली गेली, लाँग मार्च निघाला, पोरं तुरुंगात गेली. कार्डावरच्या 'हेही पाहा' या दोन शब्दांत सोळा वर्षं आहेत. कॅटलॉग ती सांगू शकत नाही. ते त्याचं कामही नाही. पण ती ओळ चुकली, जुनी नोंद नव्याला जोडली गेली नाही, तर पुढचा पोरगा म्हणेल हे विद्यापीठ पहिल्यापासून याच नावाचं होतं. लढा पुसायला वेगळी लबाडी लागत नाही. आळस पुरतो.

वर्तमानपत्रांचंही तेच. 'जनता' १९३० साली सुरू झालं आणि १९५६ साली त्याचं 'प्रबुद्ध भारत' झालं. नाव बदलणं हा तिथं विचार होता, त्याच वर्षी दीक्षा होती. नियमाप्रमाणे दोन नोंदी, एकमेकींना जोडलेल्या. जोड ठेवली तर इतिहास दिसतो. नाही ठेवली तर दोन अनोळखी मासले उरतात.

आता विषयाचं. इथं माझी खरी खदखद आहे. दौंडच्या बाजूच्या एका वाचनालयात मी बाबासाहेबांचं रुपयावरचं पुस्तक मागितलं. १९२३ सालचं, चलनाच्या प्रश्नावरचं. ते अर्थशास्त्राच्या कपाटात नव्हतं. 'दलित साहित्य' लिहिलेल्या कपाटात होतं. त्याच्या शेजारी 'बलुतं', त्याच्या शेजारी जयंतीची स्मरणिका. म्हणजे बाबासाहेबांनी रुपयाबद्दल लिहिलं तरी ते दलित साहित्य. दुसऱ्या कुणी रुपयाबद्दल लिहिलं की ते अर्थशास्त्र. याला वर्गीकरण म्हणायचं की महारवाडा? गंमत अशी की हे कुठल्याही नियमात बसत नाही. ड्यूई घ्या, रंगनाथन घ्या, पुस्तक विषयाप्रमाणे लावायचं, लेखकाच्या जातीप्रमाणे नाही. इथं नियम आपल्या बाजूने आहे आणि सवय आपल्या विरुद्ध.

पण सगळीकडे नियम आपल्या बाजूने नाही. ड्यूईच्या दशांशात धर्माचा शेकडा २००चा. त्यातले २२०पासून २८९पर्यंतचे आकडे ख्रिस्ती धर्माला. बाकी सगळ्या जगाचे धर्म २९०च्या खोलीत कोंबलेले. त्यात बौद्ध २९४.३, म्हणजे दशांशचिन्हाच्या मागे, आणि हिंदू २९४.५ त्याच आकड्याखाली बिऱ्हाड करून. १९५६ साली बाबासाहेबांनी लाखो माणसं घेऊन ज्या घरातून बाहेर पाऊल टाकलं, ड्यूईने पुन्हा त्याच चाळीत खोली दिली. इंग्रजी साहित्याला ८२० ते ८२९ अख्खी दहाची गल्ली, मराठीला ८९१.४६. आणि आपली माणसं ३०५.५६८मध्ये, समाजातून वगळलेल्यांच्या आकड्यात. हा आकडा वर्णन करतो की शिक्का मारतो, तुम्हीच ठरवा. ड्यूई माणूस म्हणून कसा होता तेही कळलं. त्याच्या क्लबात ज्यूंना आणि काळ्यांना मज्जाव होता. २०१९ साली अमेरिकेच्या ग्रंथालय संघटनेने आपल्या पदकावरचं त्याचं नाव काढून टाकलं. आकडे मात्र तेच राहिले.

बाहेरच्यांनीही यावर भांडण केलंय. सँडफर्ड बर्मन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आफ्रिकेत झांबियाला काम करत होता. अमेरिकेहून आलेल्या विषयांच्या यादीत तिथल्या काळ्या माणसांसाठी 'काफिर' हा मथळा होता. तिथं ती शिवी. १९७१ साली त्याने त्या यादीतले असले मथळे एकेक काढून अख्खं पुस्तक लिहिलं. लोकांनी आधी हसण्यावारी नेलं, मग त्यातले कितीतरी मथळे बदलले. आपलाही मथळा पूर्वी त्या यादीत 'अनटचेबल्स' होता. आता तो 'दलित्स' आहे. ज्यांनी हा शब्द रस्त्यावर कमावला त्यांना वॉशिंग्टनची ही यादी माहीतही नसेल. पण कमावलेला शब्द तिथंवर गेला.

इतकं सांगितल्यावर आपले काही मित्र काय म्हणतात ते मला पाठ आहे. म्हणतात, जाळा ते कॅटलॉग. नियम त्यांचे, कपाटं त्यांची. आपलं साहित्य तोंडी आहे, रस्त्यावर आहे, त्याला कार्ड कशाला? आणि आणखी एक मुद्दा काढतात, तो वजनदार आहे. १८५७च्या बंडानंतर इंग्रजांनी १८६७ साली कायदा केला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारला द्यायची, त्यावर छापणाऱ्याचं नाव-गाव छापायचं. आणि दर तीन महिन्यांनी सरकार यादी काढणार : पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, विषय, छापखाना, पानं, प्रती, किंमत. म्हणजे मराठी पुस्तकांची पद्धतशीर नोंद सुरू झाली ती आपल्यावर नजर ठेवायला. नोंद म्हणजे पोलिसांची वही. मग नाव कशाला द्या?

याचं उत्तर मला माझ्या आजीने दिलं. ती निरक्षर आहे. मी विचारलं, आज्जे, चोपडीवर आजाचं नाव का नाही? ती म्हणाली, "येडा हायेस का? नोकरी रेल्वेची. सरकारइरुद्ध गाणी. नाव छापलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता. छापखानेवाला बी म्हनला, माझं नगं टाकू." म्हणजे ते 'नाही' हे अडाणीपणाचं 'नाही' नव्हतं. ते समजून-उमजून कोरं ठेवलेलं होतं. त्या कोऱ्या जागेने आमच्या घरची चूल पेटत ठेवली. नोंदवहीतल्या शेऱ्यात ते दिसत नाही.

मग मी मित्रांच्या बाजूचा झालो का? नाही. कारण ज्या सरकारी याद्या नजर ठेवायला केल्या, त्यांच्याच आधारे आज संशोधक जुनी पुस्तकं शोधतात. ज्याची नोंद झाली तो सापडतो. ज्याने नोंद चुकवली तो पोलिसापासून वाचला, आणि नातवापासूनही वाचला. आजाची भीती खरी होती. माझ्या पिढीने तिचाच धडा गिरवायचा का, हा प्रश्न आहे. १८६७चा कायदा २०२३च्या नव्या कायद्याने रद्द झाला आणि पुस्तकं त्यातून वगळली. पहारेकऱ्याची वही एक बंद झाली. आता आपली नोंद आपणच ठेवली नाही तर कुणी ठेवणार नाही.

आणि आपण काय करतो ते बघा. आपलीच अनियतकालिकं काढून पाहा. अंकावर महिना नाही. कुठे 'वर्ष पहिले, अंक तिसरा', पहिला-दुसरा कुठे तेच कळत नाही. संपादकाचं नाव आहे तर पत्ता नाही. कवितेखाली नुसतं 'एक विद्रोही'. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, १ जानेवारीला स्तंभापाशी, दसऱ्याला दीक्षाभूमीवर गाण्यांच्या किती चोपड्या विकल्या जातात. त्यातल्या बहुतेकांवर साल नसतं. ग्रंथपालाने काय करावं? तो लिहितो : गाव नाही, नाव नाही. शिवी त्याला देऊ नका. आपण आपल्याच हाताने स्वतःला वेशीबाहेर ठेवतोय.

शिवाय नियमात आपल्या कामाच्या गोष्टी आहेत, त्या उचला. पुस्तकाचं नाव जसं छापलंय तसंच उतरवायचं, हा नियम आहे. शांताबाई कांबळेंच्या पुस्तकाचं नाव 'माज्या जल्माची चित्तरकथा'. बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं'. एखादा सोवळा कारकून 'माझ्या जन्माची' असं शुद्ध करून लिहू म्हणेल तर नियम त्याचा हात धरतो. आपल्या बोलीला साहित्याच्या दरबारात जेव्हा अशुद्ध म्हणत होते तेव्हाही हा कोरडा नियम तिला हात लावू देत नव्हता. फक्त शोधणाऱ्यासाठी दुसऱ्या रूपाची एक जादा नोंद पाहिजे. ती मागा.

दुसरा नियम चौकोनी कंसाचा. जी माहिती पुस्तकावर नाही पण बाहेरून खात्रीने कळली, ती चौकोनी कंसात लिहिता येते. साल नक्की नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाकता येतं. कळलं कुठून ते टिपेत लिहिता येतं. म्हणजे नियमाने गावकुसाबाहेर एक जागा ठेवली आहे आणि ती कोरी नाही, भरता येते. भरणारा माणूस पाहिजे. तो ग्रंथपाल एकटा असू शकत नाही. त्याला आपली वस्ती ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून सांगतो, काय करायचं. जे छापाल त्यावर नाव, गाव, छापखाना, महिना, साल टाका. टोपणनाव घ्यायचं तर घ्या, पण एकच घ्या. १९५४च्या कायद्याने प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. पोस्टाचा खर्च होतो, तो करा. आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो. तालुक्याच्या वाचनालयात जा. ते सरकारी अनुदानावर चालतं, १९६७चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा त्यामागे आहे. तिथलं 'दलित साहित्य' लिहिलेलं कपाट उघडा आणि विचारा, हे अर्थशास्त्र इथं का? हा कायद्याचा ग्रंथ इथं का? भांडा, पण ड्यूई वाचून भांडा. आणि घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर गाणी कुणाची ते विचारून घ्या. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या पोरांनो, रविवार कशात घालवता? एक वही घ्या. दौंड-शिरूरच्या पट्ट्यातल्या जलशांची यादी अजून कुणी केलेली मला दिसली नाही.

शेवटचं सांगतो. दुसऱ्या दिवशी मी आजीला घेऊन शिरूरला गेलो. बाईंनी चोपडी टेबलावर ठेवली. आजीला वाचता येत नाही. मी पहिली ओळ म्हटली, दुसरी तिने म्हटली. अकराच्या अकरा गाणी. सुकडीचं गाणं आलं तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, हे बहात्तरच्या दुष्काळातलं, खडी फोडायला मी बी होते. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी नोंद पुन्हा उघडली. ठिकाण : चौकोनी कंसात दौंड. साल : चौकोनी कंसात १९७३, पुढे प्रश्नचिन्ह. लेखक : चौकोनी कंसात आजाचं नाव. रेल्वेच्या मस्टरवरचं एक नाव होतं, शाळेतलं दुसरं, आणि वस्ती ज्या नावाने हाक मारायची ते तिसरं. बाई म्हणाल्या, ज्या नावाने ओळखले जायचे ते सांगा. आजीने सांगितलं.

ते नाव इथं छापत नाही. ज्यांना पाहिजे त्यांनी कॅटलॉगात शोधावं. आता ते सापडतं. खाली टीप आहे : लेखकाचे नाव त्यांच्या पत्नीने सांगितल्यावरून.

'किरकोळ'च्या गठ्ठ्यात अजून तीस-चाळीस चोपड्या आहेत. पुढच्या रजेत मी जाणार आहे. बरोबर कोण येतंय?

जय भीम.